शाळेच्या वाटेवरचा सायकल ट्रॅक : मोजायचा कसा, दुरुस्त करून घ्यायचा कसा

पुण्यात सायकल ट्रॅक नाहीत असे नाही. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी (बससाठी वेगळी राखलेली मार्गिका) आली तेव्हा तिच्या कडेने ट्रॅकही आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. तरीही शाळेची मुले ट्रॅक सोडून गाड्यांच्या मधून सायकल मारताना दिसतात. हा मुलांचा बेशिस्तपणा आहे असे म्हणून विषय संपवणे अन्यायाचे आहे. मूल ट्रॅक सोडते ते ठरावीक जागी सोडते आणि त्या जागी काहीतरी तुटलेले, अडलेले किंवा अर्धवट असते. ती जागा शोधायची, मोजायची आणि ज्या खात्याच्या अखत्यारीत ती येते त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायची, एवढेच काम पालक, शिक्षक आणि सायकलस्वारांनी मिळून करायचे आहे. इथली उदाहरणे पुण्याची आहेत. खात्यांची नावे बदलली की नाशिक, कोल्हापूर, नागपुरातही हीच पद्धत चालते.

आधी मोजणी

अख्खा रस्ता हातात घेऊ नका. एक शाळा धरा आणि तिथून मुले जिथे राहतात त्या वस्तीपर्यंतचा एक ते दीड किलोमीटरचा पट्टा ठरवा. दोन तासांत नीट पाहून होईल एवढाच तो असावा.

पहिली फेरी नुसती बघण्याची. शाळा भरण्याआधी अर्धा तास आणि सुटल्यावर अर्धा तास दोन जण एका जागी उभे राहून पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी करतील. रकाने चारच ठेवा : ट्रॅकवरून जाणारे, रस्त्यावरून जाणारे, फुटपाथवरून जाणारे, उलट दिशेने येणारे. प्रत्येकात शाळकरी किती ते वेगळे लिहा. दोन पाळ्यांची शाळा असेल तर दुपारची मोजणी चुकवू नका, कारण एक पाळी सुटते आणि दुसरी भरते तेव्हा फाटकासमोर रिक्षा, व्हॅन आणि दुचाक्यांची सर्वात जास्त दाटी होते. एक फेरी अंधार पडल्यावर करा आणि एक पावसात.

यातला सर्वात कामाचा आकडा म्हणजे ट्रॅक असूनही रस्त्यावरून जाणाऱ्यांचा. ‘इथे सायकली फारशा नाहीतच’ हे उत्तर कार्यालयात हमखास मिळते, आणि ते याच आकड्याने खोडता येते. उलट दिशेने येणारे बरेच असतील तर दुभाजक पाहा. बहुतेक वेळा शाळा त्याच बाजूला असते आणि पलीकडे जायला जवळ क्रॉसिंग नसते. तिथे मुलांना दटावून काही साधत नाही. एक तर क्रॉसिंग द्यावे लागते, नाही तर त्या बाजूचा ट्रॅक दुहेरी करावा लागतो.

दुसऱ्या फेरीत बारा-तेरा वर्षांच्या दोन मुलांना, पालकांच्या परवानगीने आणि पुढे-मागे एकेक मोठा माणूस देऊन, सुट्टीच्या सकाळी हाच पट्टा चालवायला लावा. जिथे ती पाय टेकवतील, उतरतील किंवा रस्त्यावर जातील तिथे खडूने खूण करा. सराईत सायकलपटूने केलेली पाहणी इथे दिशाभूल करते, कारण त्याला जे सहज जमते ते सहावीतल्या मुलाला जमत नाही.

टेप घेऊन काय पाहायचे

साहित्य : ३० मीटरचा टेप, एक मीटर लांबीची सरळ लाकडी पट्टी, स्टीलची फूटपट्टी, खडू, बादलीभर पाणी, फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटवणारा मोबाइल. माणसे तीन, अंगात चमकणारी जॅकेटे. तिसऱ्याचे काम फक्त येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवण्याचे.

रुंदी मोजताना कडेपासून कडेपर्यंत मोजू नका, मोकळी रुंदी मोजा. एकेरी ट्रॅकला २ मीटर आणि दुहेरीला ३ मीटर मोकळी जागा लागते. कागदावर २ मीटरचा असलेला ट्रॅक महावितरणचा फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी), झाडाचे आळे आणि जाहिरातीचा खांब वजा केल्यावर सव्वा मीटर उरतो. सायकलचे हँडल ६० ते ७० सेंटिमीटरचे असते आणि मूल सरळ रेषेत चालवत नाही, थोडे डोलते. त्यामुळे सव्वा मीटरवर दुसऱ्याला पुढे काढताच येत नाही आणि मागचा रस्त्यावर उतरतो. शेजारी मोटारी उभ्या राहत असतील तर ट्रॅक आणि पार्किंगमध्ये पाऊण ते एक मीटरची पट्टी हवी. ती नसेल तर अचानक उघडलेले दार थेट हँडलवर बसते.

पृष्ठभागावर लाकडी पट्टी आडवी-उभी ठेवा आणि खालची फट मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर नोंदवा. पेव्हर ब्लॉकवर ही फट हटकून सापडते, कारण खालची वाळू पावसाने वाहून जाते आणि ब्लॉक एकेक करून खचतात. नवे काम होणार असेल तर ट्रॅकसाठी डांबर किंवा काँक्रीटच मागा, पेव्हर फुटपाथला ठीक आहेत. चेंबरची झाकणे ट्रॅकच्या पातळीत आहेत का तेही पाहा. डांबराचा नवा थर पडला की झाकण खड्ड्यात जाते, त्यामुळे प्रत्येक रिसर्फेसिंगनंतर ही तपासणी पुन्हा करावी लागते.

पावसाळी गटाराच्या जाळीकडे सर्वाधिक गांभीर्याने बघा. जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला समांतर असतील तर २५-३० मिलिमीटरचे बारीक टायर फटीत जाते, चाक जागीच अडते आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. पट्ट्या आडव्या हव्यात. कित्येक ठिकाणी जाळी चौकोनी असते आणि ती काढून नव्वद अंशांत फिरवून बसवली की धोका संपतो. खर्च जवळपास शून्य, त्यामुळे पहिली मागणी हीच करा.

बादलीतले पाणी ओतून ते कुठे साचते ते पाहा. मीटरला दोन सेंटिमीटर उतार पुरतो. डबके राहिले तर पावसाळ्यात मूल ते टाळायला रस्त्यावरच जाणार.

बोलार्डबद्दल एक गैरसमज

दुचाक्या घुसतात म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) एकमेकांच्या जवळ लावा, अशी मागणी सर्रास होते. ती करू नका. स्कूटरचे हँडल साधारण ७० सेंटिमीटरचे असते, म्हणजे सायकलएवढेच. सायकल जाईल आणि स्कूटर अडेल अशी फट अस्तित्वातच नाही. फट अरुंद केली की अडकते ती मुलाची सायकल आणि व्हीलचेअर. बोलार्ड मोटार आणि रिक्षा रोखण्यापुरते आहेत. दोन बोलार्डमध्ये १.२ मीटर मोकळे ठेवा आणि प्रत्येकावर परावर्तक पट्टी लावून घ्या. अंधारात न दिसणारा काळा बोलार्ड स्वतःच अपघात घडवतो.

दुचाक्या आत येतात त्या सिग्नलची रांग चुकवायला, म्हणून बंदोबस्तही तिथेच हवा : शाळेच्या वेळेला सिग्नलपाशी वाहतूक पोलीस किंवा वॉर्डन, आणि ट्रॅक रस्त्यापासून १० ते १५ सेंटिमीटर उंच व सलग. स्वयंसेवकांनी गाड्या अंगावर जाऊन अडवू नयेत. क्रमांकासह फोटो काढून वाहतूक शाखेकडे द्यावेत.

फाटके आणि चौक : सगळा धोका इथे

सोसायटीचे फाटक आले की ट्रॅक खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. अर्ध्या किलोमीटरमध्ये दहा फाटके असली तर वीस हिसके. बांधणी उलटी हवी : ट्रॅक आपल्या पातळीवर सलग जाईल आणि चढ-उतार मोटारीने करायचा. ट्रॅक आणि रस्ता यांच्यात अर्धा मीटर पट्टी असेल तर मोटारीचा रॅम्प तेवढ्यात बसतो. यामुळे गाडीचा वेगही आपोआप उतरतो.

चौकाच्या वीस-तीस मीटर आधी ट्रॅक संपवून टाकणे ही आपल्याकडची सर्वात घातक चूक आहे. जिथे संरक्षण हवे तिथेच ते काढून घेतले जाते. सायकलस्वार सरळ जात असतो, शेजारची बस किंवा टेम्पो डावीकडे वळतो आणि मागची चाके पुढच्यांपेक्षा आत कापत येतात. त्या कोपऱ्यात सापडलेला सायकलस्वार चालकाला आरशात दिसत नाही. इथे मागायच्या गोष्टी अशा :

- ट्रॅकची रंगीत, खरखरीत पट्टी चौकातून पलीकडच्या ट्रॅकपर्यंत सलग.
- कोपऱ्याची त्रिज्या ४ ते ६ मीटर. मोठ्या गोलाईवर गाड्या वेग न उतरवता वळतात. बसचा मार्ग असेल तर कोपऱ्यात किंचित उंच, खडबडीत दगडी पट्टा द्यावा. बस त्यावरून जाते, मोटारवाला तो टाळतो.
- ‘फ्री लेफ्ट’ (सिग्नलला न थांबता डावीकडे वळण्याची मुभा) बंद, निदान शाळेच्या वेळेत.
- गाड्यांच्या थांबारेषेच्या पुढे सायकलींसाठी आखलेली चौकट, म्हणजे हिरवा दिवा लागताना मुले चालकांच्या डोळ्यांसमोर असतात.
- बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी १० सेंटिमीटर उंचीचे सपाट क्रॉसिंग, दोन्ही बाजूंना एकेक मीटर उतार.

शाळेसमोर गतिरोधक हवा असेल तर ‘बंप टाका’ एवढेच लिहू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा म्हणजे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, असे लिहून द्या. अरुंद, टोकदार उंचवट्यावर सायकलच उडते. पीएमपीच्या (शहर बसच्या) थांब्यापाशी ट्रॅक थांब्याच्या मागून न्यावा. पुढून नेला की प्रत्येक बस त्यावरच उभी राहते.

तक्रार कोणाच्या टेबलावर

एकाच अर्जात पंधरा गोष्टी लिहिल्या की तो अर्ज खात्याखात्यांत फिरत राहतो. रंग, फलक, बोलार्ड, खचलेला भाग यासाठी क्षेत्रीय कार्यालय. नवी बांधणी आणि चौकाचा आराखडा पथ विभागाकडे. जाळ्या आणि चेंबर ड्रेनेजकडे, दिवे विद्युत विभागाकडे, फांद्या उद्यान विभागाकडे, टपऱ्या अतिक्रमण विभागाकडे. फीडर पिलर हलवायचा तर महावितरण आणि पथ विभाग दोघांना एकाच वेळी पत्र द्या, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

एका जागेचा एक अर्ज. त्यात जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक, माप दिसेल असा टेपसह फोटो, काय आहे, काय हवे, आणि त्या जागी अर्ध्या तासात किती मुलांनी ट्रॅक सोडला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पीएमसी केअरवर (महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर) टाकलेल्या तक्रारीचा टोकन क्रमांकही त्याच प्रतीवर लिहून ठेवा.

उत्तर आले नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे. मागायचे ते नेमके मागा : कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) प्रत आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. तो कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि ‘निधी नाही’ हे उत्तर टिकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १९८-अ पत्रात जरूर नमूद करा. रस्त्याच्या ठरलेल्या मानकांचे पालन न झाल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात आहे.

शाळेच्या हातातही एक साधन आहे आणि ते फार कमी वापरले जाते. स्कूलबससाठीच्या २०११ च्या राज्य नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि तिच्यात मुख्याध्यापकांबरोबर पालक, पोलीस, आरटीओ आणि स्थानिक संस्थेचे प्रतिनिधी असतात. जे लोक एरवी तीन कार्यालयांत शोधावे लागतात ते इथे एका टेबलावर बसतात. सायकलचा विषय बैठकीच्या पत्रिकेवर लेखी घ्यायला लावा आणि इतिवृत्ताची प्रत मागा.

वेळेचे गणित पाळा. जाळ्या आणि चेंबर एप्रिलमध्ये मागा म्हणजे पावसाळापूर्व कामांत बसतात. रंग आणि डांबर ऑक्टोबरनंतर, कारण ओल्या पृष्ठभागावर दोन्ही टिकत नाहीत. नव्या कामाची सूचना नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात द्या. त्याचे अर्ज साधारण पावसाळ्यात घेतले जातात, तारीख क्षेत्रीय कार्यालयात विचारून ठेवा.

मुलांच्या बाजूची तयारी

ट्रॅक सुधारेपर्यंत मुले रोज त्याच रस्त्याने जाणार आहेत. उजवीकडे वळायला शिकवा ते दोन टप्प्यांत : चौक सरळ ओलांडायचा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबायचे, सायकल वळवायची आणि त्या बाजूचा दिवा हिरवा झाला की निघायचे. बस किंवा ट्रकच्या डावीकडून कधीही पुढे शिरायचे नाही. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

ब्रेकचे रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर हवे. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून पावसात आधीपासून हलके दाबत रिम पुसून घ्यायची. पायघोळ रेनकोट आणि मोकळी ओढणी चाकात जाते, त्याऐवजी जॅकेट-पँट वापरा आणि ओढणी घट्ट बांधा. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर. लहान मुलांना गटाने न्यायचे असेल तर आठ मुलांमागे पुढे एक आणि शेवटी एक मोठा माणूस, वेळ आणि थांबे ठरलेले.

काम झाल्यावर

त्याच खुणांवर तोच टेप घेऊन पुन्हा जा, शक्यतो ठेकेदाराचे अंतिम बिल निघायच्या आत. नव्या रंगावर पाणी ओतून बूट दाबून फिरवा. सरकत असेल तर रंगात खरखरीत खडी मिसळलेली नाही, आणि पहिल्याच पावसात वळणावर सायकली घसरतील. हे लेखी कळवा. शाळेच्या वेळेची चार रकान्यांची मोजणी महिनाभराने पुन्हा करा. रस्त्यावरून जाणाऱ्या मुलांचा आकडा कमी झाला नसेल तर काम अजून अपुरे आहे आणि खडू घेऊन मुलांबरोबरची फेरी पुन्हा करावी लागेल.