झिजलेलं रोमन नाणं: चेहरा सोडा, मागचे दोन सैनिक बघा

चौथ्या शतकातली छोटी ब्राँझची नाणी बहुतेकदा इतकी झिजलेली असतात की सम्राटाचं नाव लागतच नाही. कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांचे चेहरे तर एकसारखेच. अशा वेळी नाणं उलटं करा.

१. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेला, जवळजवळ आडवा धरा. टॉर्च स्थिर ठेवून नाणं सावकाश फिरवा. सरळ उजेडात सपाट दिसणारी अक्षरं सावलीमुळे उठून येतात.

२. भाले-ढाली घेतलेले दोन सैनिक दिसले, तर त्यांच्या मधली निशाणं, म्हणजे सैन्याच्या ध्वजकाठ्या, मोजा. दोन असतील तर नाणं ३३० ते ३३५ मधलं, एकच असेल तर ३३५ ते ३४१ मधलं. एका निशाणाचं नाणं सहसा आकारानेही लहान, साधारण १५ मिमी.

३. मग सैनिकांच्या पायाखालच्या रेघेखाली बघा. तिथे टांकसाळीची खूण असते: 'एस-एम-ए-एन' म्हणजे अँटिओक, 'टी-आर' म्हणजे ट्रिअर. सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'सी-ओ-एन-एस'वर. ते कॉन्स्टँटिनोपल, पण शेवटी 'टी' जोडलेला असेल तर टांकसाळ फ्रान्समधल्या आर्लची, कारण त्या शहराला तेव्हा कॉन्स्टंटिना हे नाव दिलं होतं. म्हणून शेवटच्या अक्षराची जागा दोनदा तपासा.

अक्षरं दिसावीत म्हणून चिंच, लिंबू किंवा तारेचा ब्रश अजिबात वापरू नका. झिजलेल्या नाण्याचे बारकावे बरेचदा त्यावर काळाच्या ओघात चढलेल्या हिरव्या-काळ्या थरातच टिकलेले असतात. थर गेला की अक्षरंही गेली.