बालपणीचा सुमार गेम पुन्हा खेळायचा असेल तर

सुपर मारिओ किंवा कॉन्ट्रा पुन्हा खेळण्यासाठी कुणाला मार्गदर्शनाची गरज पडत नाही. ते गेम तेव्हाही उत्तम होते आणि आजही आहेत. अडचण येते ती गेमचे परीक्षण लिहिणाऱ्यांनी नाके मुरडलेल्या किंवा कुणी दखलही न घेतलेल्या गेमच्या बाबतीत. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ या भागात नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत वाढलेल्या अनेकांच्या मनात असा एखादा गेम घर करून बसलेला आहे. मात्र मोठेपणी तो शोधून काढला की दहा मिनिटांत कंटाळा येतो. गेम सुमार होता, हे मान्यच करावे. पण तो ज्या परिस्थितीत खेळला जात होता तिच्यासाठी तो पुरेसा होता, आणि म्हणून गेमबरोबर त्या परिस्थितीचाही शक्य तेवढा भाग जमवावा लागतो.

आधी गेम नेमका कोणता, हे ठरवावे. ‘९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच गेम असत. तोच गेम दुसऱ्या स्टेजपासून सुरू करून किंवा किरकोळ बदल करून नव्या नावाने यादीत पुन्हा पुन्हा दिलेला असे. त्यामुळे आठवणीतल्या नावावर विसंबू नये. पडद्याचा रंग, सुरुवातीची धून, माणूस कशाने मरत असे, अशा खुणा कागदावर लिहून काढाव्यात आणि भावंडांना विचारावे, कारण एकाला चित्र आठवते तर दुसऱ्याला आवाज. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही गेम, म्हणजे टीव्हीला जोडायचे डबे, हे निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिली कॉम्प्युटरच्या नकला होत्या. त्या यंत्रासाठी पहिल्या तीन-चार वर्षांत निघालेल्या गेमची चित्रे पाहत गेल्यास आपला गेम बहुधा त्यातच सापडतो.

जुना डबा माळ्यावर असेल तर तो उतरवावा, पण लगेच जोडू नये. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि धन-ऋण खुणा डब्यावर छापलेल्या माहितीशी जुळवून पाहाव्यात. हाताशी आला तो चार्जर लावल्यास आतला भाग जळू शकतो. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय आता सोडावी, कारण फुंकरीतला ओलावा कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवर बसून त्या गंजतात. कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात.

टीव्ही शक्यतो पिक्चर ट्यूबचा, जुना घ्यावा. बदके मारण्याचा गेम खेळायचा असेल तर त्याला पर्यायच नाही. बंदुकीचा घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड ठरलेल्या क्षणी बंदुकीतल्या सेन्सरला दिसला तरच नेम लागला असे यंत्र मानते. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येत असल्याने ही वेळ चुकते आणि बंदूक बिघडली, असा गैरसमज होतो. इतर गेम नव्या टीव्हीवर चालतात, मात्र चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे. ताणलेल्या चित्रात ओळखीचा माणूसही परका वाटतो.

संगणकावरचे गेम जागवणे त्या मानाने सोपे आहे. डेंजरस डेव्हसारखा डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणक प्रणालीच्या, काळातला गेम डॉसबॉक्स या तिची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालतो. वेग जास्त वाटला तर कंट्रोल आणि एफ ११, कमी वाटला तर कंट्रोल आणि एफ १२ दाबावे. विंडोज ९८ च्या काळातल्या गेमसाठी फाइलच्या प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी हा पर्याय आधी वापरून पाहावा. गेम अधिकृतपणे विकत मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या फाइलींबरोबर व्हायरस येण्याची भीती असते.

परीक्षकांना न रुचलेल्या पण मुलांच्या लाडक्या गेमचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे २००० साली आलेला प्रोजेक्ट आयजीआय हा शत्रूच्या तळात शिरून लढण्याचा गेम. सायबर कॅफेत तो खेळण्यासाठी मुले रांग लावत, पण परीक्षकांचे मत त्याबद्दल संमिश्र होते, आणि त्यांचे आक्षेप खरे होते. मोहिमेच्या मध्ये गेम सेव्ह करता येत नाही, अलार्म वाजला की पहारेकरी बाहेर पडतच राहतात, आणि अनेकांनी मिळून खेळण्याची सोय नाही. तरीही त्यातला मोकळा, दूरवर पसरलेला प्रदेश त्या काळात विलक्षण होता; लढाऊ विमानांच्या गेमसाठी बनवलेल्या इंजिनावर तो उभा होता, त्याचा हा परिणाम. पहिलीच मोहीम रेल्वे यार्डातली होती, आणि भुसावळचे यार्ड पाहत मोठ्या झालेल्या मुलांना ती वेगळ्याच तऱ्हेने आपली वाटली असणार. सेव्ह नसल्यामुळे शेवटच्या दारापाशी मेलो की सगळे पुन्हा सुरू, आणि मागे उभ्या असलेल्या चौघांना पुढचा धोका तोंडपाठ झालेला. परीक्षक एकटा बसून खेळतो, त्याला तो निव्वळ त्रास वाटणे स्वाभाविक होते. आपल्याकडे त्याच त्रासातून मागच्यांना बोलण्याचा हक्क मिळत असे.

म्हणून एकट्याने खेळू नये, ही या सगळ्यातली माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. बहिणीला, चुलत भावाला, शेजारच्या मित्राला बोलवावे. शक्य असल्यास मे महिन्यातली दुपार निवडावी, कारण पारा पंचेचाळिशीकडे गेलेला असताना कूलरसमोर बसण्याशिवाय मुलांना दुसरे कामच नसे. एक लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हाती द्यावा आणि ‘आते मना नंबर शे’ (आता माझा नंबर आहे) म्हणणाऱ्याला अडवू नये. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कुठेही थांबून गेम साठवण्याची सोय असते, ती वापरू नये. भारनियमनाच्या काळात वीज गेली की सगळी प्रगती पुसली जाई. तितके कठोर होण्याची गरज नाही, पण वेळ आधीच ठरवून घ्यावी आणि ती संपताच बटण बंद करावे.

सोबत लहान मुले असतील तर त्यांच्यावर कौतुक लादू नये. त्यांना गेम कंटाळवाणा वाटला तर ते बरोबरच बोलत आहेत. त्यांना काय खटकले ते विचारावे, कारण आपण तेव्हा सहन केलेले दोष त्यांच्या तोंडून स्पष्ट कळतात. दोन-तीन बैठकींनंतरही कुणालाच हात पुढे करावासा वाटला नाही, तर कॅसेट कोरड्या डब्यात ठेवून द्यावी आणि पुढच्या वेळी दुसरी काढावी.