माइनक्राफ्टमधलं जुनं घर सुधारताय? या चुका टाळा

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचून बांधायच्या खेळात जुनं वर्ल्ड (आपलं साठवलेलं जग) उघडलं की पहिलं घर डोळ्यांत खुपतं. कॉबलस्टोनचा चौकोनी डबा, सपाट भिंती, जिकडेतिकडे टॉर्च. सगळं पाडून नव्याने बांधावंसं वाटतं. पाडू नका. घराची जागा, दाराचं तोंड, खाणीकडे उतरणारी वाट हे खेळता खेळता जमून आलेलं असतं, ते आराखडा काढून पुन्हा साधत नाही. सांगाडा ठेवा आणि त्यावर काम करा.

आधी बॅकअप

नव्या आवृत्तीत सेव्ह झालेलं वर्ल्ड जुन्या आवृत्तीत सुखरूप परत नेता येत नाही. खेळाचे जावा आणि बेडरॉक असे दोन प्रकार आहेत: जावामध्ये ‘एडिट’खाली बॅकअपचं बटण आहे, बेडरॉकमध्ये वर्ल्डची कॉपी काढता येते. हे टाळून पुढे जाऊच नका.

भिंतीत वाट्टेल ते ब्लॉक मिसळणं

सगळ्यात जास्त घरं इथे बिघडतात. भिंत कंटाळवाणी दिसते म्हणून स्टोन, अँडेसाइट, मॉसी कॉबलस्टोन मूठभर उधळले जातात आणि भिंतीला पुरळ उठल्यासारखं दिसतं. खरी उणीव रंगाची नसते, खोलीची असते. दर तीन-चार ब्लॉकवर लाकडाचा खांब एक ब्लॉक बाहेर काढा. खिडकीची काच एक ब्लॉक आत घ्या, खाली उलटी पायरी लावून कठडा करा, दोन्ही बाजूंना ट्रॅपडोअरची झडपं लावा. एवढ्यानेच सावल्या पडू लागतात आणि त्याच कॉबलस्टोनमध्ये जीव येतो. मग मिश्रण करा, पण कारणाने: शेवाळलेले ब्लॉक जमिनीलगत आणि पाण्याजवळ, भेगाळलेल्या विटा जिथे भार येतो तिथे. काच काढताना सिल्क टच (ब्लॉक अखंड काढणारी हत्यारावरची जादू) वापरा, नाहीतर ती फुटून वाया जाते. एंडर चेस्ट (जादूची पेटी) हीही सिल्क टचशिवाय फोडली तर हाती फक्त आठ ऑब्सिडियन येतात.

उजेडाचा जुना हिशेब

पूर्वी उजेडाची पातळी ७ किंवा त्याहून कमी असली की झोंबी, क्रीपर असे मॉब (खेळातले शत्रू प्राणी) उगवायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या आवृत्ती १.१८ पासून ओव्हरवर्ल्डमध्ये (खेळाच्या मुख्य जगात) ब्लॉकचा, म्हणजे टॉर्च-दिव्यांचा, उजेड शून्य असेल तरच ते उगवतात. टॉर्चचा उजेड १४ असतो आणि दर ब्लॉकला एकाने उतरतो, म्हणजे जमिनीवरचे बरेचसे टॉर्च आता काढता येतात. छताला कंदील टांगा, किंवा ग्लोस्टोन (उजळणारा ब्लॉक) जमिनीत बसवून वर गालिचा घाला. उजेड गालिच्यातून येतो.

उलटी चूकही होते. ब्लॉकच्या खालच्या अर्ध्या भागात बसवलेल्या स्लॅबवर (अर्ध्या उंचीच्या ब्लॉकवर) मॉब उगवत नाहीत, म्हणून काही जुनी गच्ची अंधारातही सुरक्षित असते. सुधारणेच्या नादात तिथे पूर्ण ब्लॉक घातले आणि दिवे विसरले, की रात्री डोक्यावर क्रीपर.

घर छान झालं, पण बाकीचं बंद पडलं

गावकरी माल भरत नसेल तर त्याचं कामाचं टेबल हलवलं का ते बघा. एकदा व्यापार केलेला गावकरी व्यवसाय सोडत नाही, पण टेबलाशिवाय त्याचा साठा भरत नाही. दारांवर चालणारा जुना लोखंडाचा फार्म (आपोआप लोखंड मिळवणारी रचना) आवृत्ती १.१४ पासून चालत नाही, आता गावकऱ्यांना पलंग लागतात. मॉब फार्म मंदावला असेल तर पायाखाली बघा: १.१८ ने जुन्या चंकांच्याही (जगाच्या आधीच तयार झालेल्या तुकड्यांच्याही) तळाशी, शून्य पातळीखाली, नव्या गुहा घातल्या आहेत आणि मॉब तिथल्या अंधारात उगवतात.

एन्चांटिंग टेबल (हत्यारांवर जादू चढवणारं टेबल) कमी पातळी दाखवत असेल तर टेबल आणि पुस्तकांच्या कपाटांमधली एक ब्लॉकची जागा मोकळी आहे ना, आणि कपाटं पंधरा आहेत ना, ते तपासा. नेदर पोर्टल (नेदर या दुसऱ्या जगात नेणारं दार) सरकवलं असेल तर ओव्हरवर्ल्डमधल्या जागेचे एक्स आणि झेड हे स्थानांक आठने भागा आणि नेदरमधलं पोर्टल त्याच आकड्यांवर बांधा.

लाकडी घरातल्या चुलीत नेदररॅकवरची (नेदरमधल्या, कायम पेटत्या राहणाऱ्या दगडावरची) आग असेल तर ती आजच काढा आणि कॅम्पफायर ठेवा. त्याने घर पेटत नाही. खाली गवताचा भारा ठेवलात तर धूर धुराड्याच्या बराच वर जातो.