फ्रीलान्स कोड: सही करण्याआधी करारात हे पाहा

क्लायंटने पैसे दिले की कोड त्याचा झाला, असं बरेच जण धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड कंपनीचा. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्याचा कोड मात्र, वेगळं काही ठरलं नसेल तर, त्याचाच राहतो. हक्क हस्तांतरित करायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

म्हणून ‘संपूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील’ हे वाक्य करारात घालाच. दुसरं, माझ्या मते याहूनही महत्त्वाचं: तुमच्या आधीच्या लायब्ऱ्या आणि मोड्यूल यांची यादी जोडा आणि त्यांचा फक्त वापर-परवाना द्या. नाहीतर तोच कोड पुढच्या कामात वापरणं धोक्याचं ठरेल. जीपीएल (त्यावर बेतलेला कोड वाटला तर त्याचा सोर्सही खुला करायला लावणारा परवाना) खालचं काही घेतलं असेल तर तेही आधीच सांगा.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर प्रमाणपत्र पुरावा म्हणून कामी येतं. अर्जासोबत सोर्स कोडची पहिली 10 आणि शेवटची 10 पानं लागतात.

पेटंट कायद्याचं कलम 3(के) नुसत्या प्रोग्रामला पेटंट देत नाही. अमेरिकेत मात्र सॉफ्टवेअरशी निगडित पेटंटं भरपूर आहेत. तिथला क्लायंट ‘कुणाच्याही पेटंटचा भंग नाही’ अशी अमर्याद हमी मागत असेल, तर भरपाईची कमाल मर्यादा मिळालेल्या मानधनाइतकीच लिहून घ्या.