पॉलिमर टोकाच्या व्हार्मिंट बुलेट: कोणती जास्त अचूक, हे नीट कसं तपासायचं

व्हार्मिंट म्हणजे उपद्रवी छोटे प्राणी; त्यांच्यासाठीच्या, स्वतः काडतुसं भरणाऱ्यांच्या तीन बुलेट इथे घेऊ. हॉर्नडी व्ही-मॅक्सचं लाल टोक, सिएरा ब्लिट्झकिंगचं हिरवं, नॉस्लर बॅलिस्टिक टिपचं .२२४ कॅलिबरमधलं (.२२४ इंच व्यासाचं) नारिंगी. यातली अचूक कोणती, याचं उत्तर टोकात नसतं. प्लास्टिकचं टोक मॅगझिनमध्ये चेपत नाही, हवेचा अडथळा कमी करतं आणि लक्ष्यावर आदळताच मागे घुसून पातळ जॅकेट (बुलेटचं धातूचं आवरण) उघडतं. अचूकता मात्र जॅकेटची जाडी सगळीकडे किती सारखी आहे आणि बुलेटचा तळ अक्षाशी किती काटकोनात आहे, यावर ठरते. म्हणून तुलना करायची ती तुमच्या बॅरलमध्ये, बाकी सगळं सारखं ठेवून.

बुलेट निवडण्याआधी बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या पीळदार खाचा (रायफलिंग) किती इंचांत एक फेरा घेतात, ते बघा. हलक्या टोकामुळे या बुलेट वजनाच्या मानाने लांब असतात, आणि स्थिर राहायला किती फिरकी लागेल हे मुख्यतः लांबीवर ठरतं. १:१४ ट्विस्टच्या जुन्या .२२-२५० रायफलमध्ये ५५ ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) टोकदार बुलेट स्थिरतेच्या काठावर येतात. थंड, दाट हवेत तर जास्तच. उलट बाजूने, फिरकी फार झाली की पातळ जॅकेट वाटेतच फाटतं. हिशेब सोपा आहे: वेग फूट प्रति सेकंदात घ्या, ७२० ने गुणा, ट्विस्टच्या इंचांनी भागा. ३,२०० वेगाला १:१२ मध्ये मिनिटाला १,९२,००० फेरे होतात, १:८ मध्ये २,८८,०००. ३,७०० वेग आणि १:७ ट्विस्ट घेतला तर आकडा ३,८०,००० च्या वर जातो. बुलेट कंपनीने वेगाची किंवा फिरकीची मर्यादा दिली असेल तर ती पाळा. तुलनेसाठी सगळ्या बुलेट एकाच वजनाच्या घ्या आणि प्रत्येकीचा एकाच लॉटचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेला, डबा वापरा.

काडतुसं भरताना पितळी केस (काडतुसाच्या नळ्या) एकाच लॉटच्या आणि सारख्या वेळा झाडलेल्या हव्यात. लांबी एकसारखी कापा; .२२३ रेमिंग्टनची कमाल १.७६० इंच आहे. प्रायमर (पावडर पेटवणाऱ्या टोप्या) एकाच लॉटचे, पावडर प्रत्येक केसला तराजूवर ०.१ ग्रेनपर्यंत तोललेली. वजन सारखं म्हणून एका बुलेटचा पावडर-भार तसाच दुसरीला लावू नका. बॅरलला घासणाऱ्या भागाची लांबी आणि जॅकेट वेगळं असतं, त्यामुळे दाबही वेगळा येतो. प्रत्येक बुलेटसाठी छापील लोडिंग पुस्तकातल्या सुरुवातीच्या भारापासून चढा आणि पुस्तकातली कमाल ओलांडू नका. बोल्ट जड उघडला, प्रायमर सपाट झाला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरची चकचकीत खूण उमटली, तर तिथेच थांबा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बुलेट बसवताना. बहुतेक जण काडतुसाची एकूण लांबी टोकापर्यंत मोजतात आणि तीच लांबी तिन्ही बुलेटना देतात. पण तिघींचा ओजाइव्ह, म्हणजे टोकाकडे निमुळता होणारा भाग, वेगळ्या वळणाचा असतो. एकूण लांबी सारखी ठेवली तरी एक बुलेट रायफलिंगपासून ०.०२० इंचावर असेल आणि दुसरी ०.०६० इंचावर. मग निकाल बुलेटचा येत नाही, जंपचा, म्हणजे या अंतराचा, येतो. कॅलिपरला कंपॅरेटर (ओजाइव्हवर ठरावीक व्यासाला टेकणारी जोडणी) लावा, केसच्या तळापासून ओजाइव्हपर्यंत मोजा, आणि आपल्या चेंबरमध्ये रायफलिंगला टेकणारी लांबी प्रत्येक बुलेटसाठी वेगळी काढा. त्यातून ०.०२० इंच वजा करून सुरुवात करा. एवढी लांबी मॅगझिनमध्ये मावत नसेल तर मावेल तेवढी, पण तिन्ही बुलेटना जंप सारखाच. बुलेट रायफलिंगला टेकवू नका. दाब अचानक वाढतो.

सीटिंग डायच्या (केसमध्ये बुलेट दाबून बसवणाऱ्या साच्याच्या) आतला दांडाही तपासायलाच हवा. त्याची खोबण उथळ असेल तर तो ओजाइव्हला न धरता प्लास्टिकच्या टोकालाच दाबतो. टोक किंचित दबतं, कधी तिरकं होतं, आणि खोली प्रत्येक काडतुसात बदलते. पावडर आणि प्रायमर नसलेल्या केसमध्ये एक बुलेट बसवा आणि भिंगाखाली धरा. ओजाइव्हवर पूर्ण गोल, फिकट रेघ दिसली तर दांडा नीट बसतो आहे. अर्धचंद्र दिसला तर बुलेट वाकडी जाते आहे. टोकाच्या शेंड्यावर सपाट चकचकीत ठिपका असेल तर दांडा टोकावर टेकतो आहे. डाय बनवणाऱ्याकडून खोल खोबणीचा दांडा मागवा किंवा आहे तोच लेथवर खोल करून घ्या. एवढ्या एका दुरुस्तीने ‘वाईट’ ठरवलेली बुलेट चांगली निघू शकते.

रेंजवर पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी, अंतर १०० यार्ड, स्कोपचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की निशाण सरकल्यासारखं दिसणं) त्याच अंतराला जुळवलेला. बॅरल आधी साफ करा, मग पाच-सहा गोळ्या मातीच्या बांधात झाडा. साफ बॅरलच्या पहिल्या गोळ्या वेगळीकडे जातात. वाऱ्यासाठी दोन रिबिनी तरी लावा, एक जवळ आणि एक मध्यावर.

एका बुलेटचे सगळे ग्रुप (एकाच निशाणावर सलग झाडलेल्या गोळ्या) आधी आणि दुसरीचे नंतर, असं करू नका. तसं केलं तर दुसरीच्या वाट्याला तापलेलं, मळलेलं बॅरल आणि दुपारचा वारा येतो. तीन बुलेट असतील तर पाच-पाच गोळ्यांचा एकेक ग्रुप अ, ब, क; पुढच्या फेरीत ब, क, अ; मग क, अ, ब. प्रत्येक ग्रुपनंतर बॅरल हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत थांबा. प्रत्येक बुलेटचे किमान चार ग्रुप, म्हणजे वीस गोळ्या, व्हायलाच हव्यात.

मोजताना सर्वात दूरच्या दोन भोकांचं केंद्र ते केंद्र अंतर घ्या. १०० यार्डांवर एक एमओए (कोनाचं एक मिनिट, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १.०४७ इंच, साधारण २६.६ मिमी. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका. तो सुंदर दिसतो एवढंच. त्याच काडतुसाचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरीने सुमारे २७ टक्के मोठा येतो, कारण गोळ्या वाढल्या की एखादी लांब जाण्याची संधीही वाढते. शिवाय काहीही न बदलता पाच गोळ्यांचे ग्रुप आपल्या सरासरीच्या पाव भागाइतके वरखाली होतातच. त्यामुळे चार-चार ग्रुपांची सरासरी एकीची १८ मिमी आणि दुसरीची २० मिमी आली, तर दोघी सारख्याच धरा. १४ आणि २१ आले तर मात्र काहीतरी खरं आहे. कागदाला चिकटून बसायची तयारी असेल तर सगळ्या वीस भोकांचं मध्यबिंदूपासूनचं सरासरी अंतर काढा. त्यात प्रत्येक गोळी मोजली जाते.

लांब गेलेली गोळी ‘फ्लायर’ म्हणून वगळू नका. ट्रिगर खेचतानाच चूक कळली आणि निशाण बघण्याआधी बोलून दाखवली, तरच वगळा. भोक लांबट असेल तर बुलेट अस्थिर आहे. ट्विस्ट कमी पडतो. कागदावर भोकच नाही आणि वाटेत करडी रेघ दिसली, तर जॅकेट फाटलं. वेग कमी करा किंवा मजबूत जॅकेटची बुलेट घ्या. ग्रुप उभा पसरला तर १०० यार्डांवर दोष वेगाला देण्याची घाई नको. सेकंदाला २० फुटांच्या फरकाने इथे एक मिमीसुद्धा पडत नाही, ३०० यार्डांवर मात्र ५ मिमीच्या आसपास जातो. आधी मागची पिशवी आणि खांद्याचा दाब बघा.

१०० यार्डांवर बरोबरीत सुटलेल्या बुलेट ३०० वर वाऱ्यात वेगळ्या होतात. हॉर्नडीच्याच .२२४ व्ही-मॅक्समध्ये ५५ ग्रेनचा जी१ गुणांक (हवा भेदण्याची क्षमता; जास्त तेवढा चांगला) ०.२५५ आहे आणि दोन ग्रेनने हलक्या ५३ ग्रेनचा ०.२९०. प्रेअरी डॉगएवढ्या (खारीच्या कुळातल्या, बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्याएवढ्या) लक्ष्यासाठी वाऱ्यात कमी सरकणारी बुलेट १०० यार्डांवरच्या दोन मिमीपेक्षा जास्त कामाची, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून अंतिम निवड ३०० वरच करा, तीही हलक्या वाऱ्याच्या दिवशी, वर दिलेल्याच फेऱ्यांच्या क्रमाने.

वहीत बुलेटचा लॉट क्रमांक, ओजाइव्हपर्यंतची लांबी, सरासरी वेग आणि तापमान लिहून ठेवा. नवा डबा उघडलात की त्यातल्या दहा बुलेटची तळ-ते-ओजाइव्ह लांबी मोजा. जुन्या लॉटपेक्षा ०.००५ इंचाहून जास्त फरक असेल तर जंप पुन्हा लावा. लॉट क्रमांक बदलला असेल तर भारही थोडा खाली आणून पुन्हा चढवा आणि दोन ग्रुप मारून बघा.