वाय-फायवर आत्ता कोण आहे? रेडियस सर्व्हरवर वापरकर्त्यांची नोंद कशी ठेवावी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील अभ्यासिका असो वा शिवाजी विद्यापीठाजवळचे वसतिगृह, वाय-फायसाठी रेडियस सर्व्हर (नेटवर्कवर येणाऱ्याची ओळख तपासणारा सर्व्हर) बसवला की पासवर्डची तपासणी लगेच सुरू होते; परंतु आत्ता कोण जोडलेले आहे हे कळण्यासाठी त्याचा अकाउंटिंग, म्हणजे कोण कधी जोडले गेले व कधी सुटले याची नोंद ठेवणारा भाग, वेगळा जुळवावा लागतो. येथे फ्री-रेडियस या रेडियस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती आणि मारियाडीबी हा डेटाबेस गृहीत धरला आहे.

प्रथम फ्री-रेडियससोबत येणारा तक्त्यांचा आराखडा डेटाबेसमध्ये भरावा आणि सर्व्हरला डेटाबेसशी जोडणारे एसक्यूएल मॉड्यूल सक्रिय करावे. मूळ मांडणीच्या अकाउंटिंग विभागात एसक्यूएल या शब्दाआधी वजाचे चिन्ह असते. त्यामुळे मॉड्यूल बंद असले तरी सर्व्हर तक्रार न करता पुढे जातो, म्हणून ते चिन्ह काढलेलेच बरे. त्यानंतर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा (वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणाचा) आयपी पत्ता आणि सामायिक गुप्तशब्द क्लायंटच्या फाइलमध्ये लिहावा.

ॲक्सेस पॉइंटवर दोन पोर्ट भरायचे असतात: ओळख तपासण्यासाठी 1812 आणि नोंदीसाठी 1813, दोन्ही यूडीपी. केवळ पहिला भरला तर सर्वांचे लॉगिन सुरळीत होते आणि यादी मात्र कोरी राहते. सर्व्हर डीबग पद्धतीने, म्हणजे प्रत्येक संदेश पडद्यावर दिसेल असा, चालवून जोडणीनंतर ‘स्टार्ट’ संदेश येतो का, हे पाहावे.

सत्र, म्हणजे एक सलग जोडणी, संपले की ‘स्टॉप’ संदेश येतो आणि नोंदीत समाप्तीची वेळ भरली जाते; ती रिकामी असलेली व्यक्ती जोडलेली मानतात. खरी अडचण इथेच आहे. जुलैच्या पावसात वीज गेली की बंद पडलेला ॲक्सेस पॉइंट ‘स्टॉप’ पाठवणार तरी कसा? पुन्हा सुरू होताना काही उपकरणे ‘अकाउंटिंग-ऑन’ पाठवतात आणि सर्व्हर त्यांची उघडी सत्रे बंद करतो, पण सगळ्यांच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही. म्हणून जोडणी चालू असताना ॲक्सेस पॉइंटकडून दर 600 सेकंदांनी मधला अहवाल मागवावा आणि यादी काढताना समाप्तीची वेळ रिकामी असून शेवटचा अहवाल वीस मिनिटांच्या आतला आहे, अशाच नोंदी घ्याव्यात. त्याहून जुन्या उघड्या नोंदी ठरावीक वेळाने आपोआप बंद करण्याची सोय करावी.

एका खात्यावर एकच उपकरण चालू द्यायचे असेल, तर सत्र विभागातील एसक्यूएल आणि त्यासोबतची सत्रे मोजणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) सुरू करून ‘सायमल्टेनियस-यूज’ची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या सत्रांची, मर्यादा 1 ठेवावी. मात्र वरील सफाई चालू झाल्याची खात्री होईपर्यंत ही मर्यादा लावू नये. अन्यथा वीज परत आल्यावर प्रामाणिक विद्यार्थ्यालाच त्याच्या जुन्या, न मिटलेल्या सत्रापायी प्रवेश नाकारला जाईल.