इंग्लिश पॅराग्राफ लिहिताना गाडी कुठे घसरते

ग्रामर बऱ्यापैकी येतं पण पॅराग्राफ लिहायला बसलं की सगळी खिचडी होते, असं होत असेल तर आधी एकच करा, पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगून टाका. आपल्याला गोल गोल फिरून शेवटी मुद्द्यावर यायची सवय, इंग्लिश निबंधात बहुतेक वेळा उलटं चालतं, त्या वाक्याला टॉपिक सेंटेन्स म्हणतात.

समजा 'सायकलिंग इज गुड' लिहिलं, तर पुढे काय लिहिणार, डोकंच चालत नाही. त्याऐवजी 'सायकलिंग टू वर्क सेव्हज मी टाइम' लिहा, आता पुढची वाक्यं आपोआप ठरतात, ट्रॅफिकमधे अडकत नाही, पार्किंग शोधावं लागत नाही, रोज किती मिनिटं वाचतात. मधेच सायकलचा रंग आला की खोडा, वाक्य कितीही भारी जमलेलं असलं तरी (माझ्या पण जिवावर येतं).

हाउएव्हर, मोरओव्हर दर वाक्याला चिकटवू नका, नुसत्या 'धिस'नेही जोड लागतो. आणि हाउएव्हरच्या आधी कॉमा टाकून दोन पूर्ण वाक्यं जोडू नका, सरळ फुलस्टॉप द्या.

शेवटी प्रत्येक वाक्याला विचारायचं, पहिल्या वाक्याशी तुझं नातं काय? उत्तर नाही आलं की कात्री.